खाल्लेलं अंगी लागत नाही तेव्हा

तुम्ही लिहिलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. तुम्ही डोंबिवलीला, आई देवगडजवळच्या गावी. वय ५८. गेले पाच महिने दिवसातून चार-पाच वेळा परसाकडे जावं लागतं, त्यातली एक वेळ पहाटे झोपमोड करून. शौच भरपूर, फिकट, घाण वासाची. वजन ५४ किलोवरून ४३ वर आलं. हिमोग्लोबिन ७.९. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढलं नाही. संध्याकाळी पाय सुजतात, जीभ चुरचुरते. शौचाची एक तपासणी आणि सोनोग्राफी, दोन्ही ‘नॉर्मल’. आवेच्या गोळ्यांचा कोर्स तीनदा झाला, कुणीतरी ‘टेन्शनमुळे होतंय’ असंही सांगितलं. तुमचे प्रश्न असे: ही संग्रहणी आहे का, कॅन्सर तर नसेल ना, दूध आणि गहू बंद करू का, दुर्बिणीची तपासणी खरंच लागेल का, आणि शहाळं द्यावं का.

आधी निकडीचं सांगतो. आवेचा चौथा कोर्स देऊ नका. आणि टेन्शनचं कारण मनातून काढून टाका. ताणामुळे आतडं बिघडतं हे खरं आहे, तशी माणसं मी रोज पाहतो. पण त्या दुखण्यात वजन २० टक्के उतरत नाही, रक्त असं कमी होत नाही आणि शौचासाठी पहाटे झोपेतून उठावं लागत नाही. यातलं एकही असलं तरी आतड्यात खरा बिघाड आहे असं धरून शोध घ्यायचा असतो. तुमच्या आईंमध्ये तिन्ही आहेत.

मी २७ वर्षं या किनाऱ्यावर प्रॅक्टिस करतो आहे. आमच्याकडची बाई जुलाबाची तक्रार उघडपणे करत नाही, लाजते. ती म्हणते, “डाक्टरानू, खातंय तां अंगाक लागणा नाय.” हे वाक्य ऐकलं की मी पेन खाली ठेवतो. कारण जुलाब होणं आणि खाल्लेलं शरीरात न शिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचा गोंधळ झाला की महिने वाया जातात. पाच दिवसांचे जुलाब बहुतेकदा जंतूंचे असतात आणि आपोआप थांबतात. चार आठवड्यांच्या पुढे गेलेले जुलाब हा वेगळाच आजार समजायचा. त्याला थांबवण्याची गोळी द्यायची नसते, त्याचं कारण शोधायचं असतं.

आपल्या आतड्यात रोज साधारण नऊ लिटर पाणी उतरतं. त्यातलं दोनेक लिटर आपण पितो-खातो, बाकीचं लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस यांचं. यातला बहुतेक भाग लहान आतडं परत शोषून घेतं, उरलेलं मोठं आतडं सुकवतं आणि शौचावाटे पेलाभरही पाणी बाहेर जात नाही. म्हणून बिघाड कुठे आहे हे शौचावरूनच बरंचसं ओळखता येतं. मोठ्या आतड्याचं दुखणं असेल तर माणूस दहा-बारा वेळा धावतो, पण होतं ते चमचा-दोन चमचे. कुंथावं लागतं, शेंब पडते, कधी रक्त पडतं, कळ ओटीपोटात येते. लहान आतड्याचं असेल तर खेपा कमी, पण दर खेपेला भसाभस. रंग फिकट, वास असह्य, बेंबीभोवती गुडगुड. आईंचं वर्णन सरळ दुसऱ्या प्रकारात बसतं. आव हे मुख्यतः मोठ्या आतड्याचं दुखणं, त्यामुळे तिच्या गोळ्यांनी इथे काही साधणार नव्हतं.

शौच पाण्यावर तरंगतं म्हणजे चरबी पचत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. तरंगण्याचं कारण बहुतेकदा त्यात अडकलेला वायू असतो. चरबी जाते आहे की नाही हे पाहायचं असेल तर पाण्यावर तेलाचा तवंग येतो का ते बघा, आणि भांड्याला चिकटलेलं दोन-तीन तांबे ओतूनही सुटत नाही का, ते बघा. आईंना हे विचारा. लाजतील, पण तुमच्या पत्नीने किंवा बहिणीने विचारलं तर सांगतील.

आता रक्ताच्या रिपोर्टकडे या. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांत मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला तो ज्यापुढे ‘नॉर्मल’ लिहिलंय तो, म्हणजे एमसीव्ही ८८. एमसीव्ही हा लाल पेशींच्या आकाराचा सरासरी आकडा. लोह कमी असलं की पेशी बारीक होतात, बी-१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असलं की मोठ्या होतात. दोन्ही एकदम कमी असली तर अर्ध्या बारीक, अर्ध्या मोठ्या, आणि सरासरी बरोबर मधोमध. म्हणून शेजारचा आरडीडब्ल्यू पाहायचा. तो पेशींच्या आकारात किती तफावत आहे ते सांगतो. आईंचा २२ आहे, म्हणजे बराच जास्त. सध्या हा माझा तर्क आहे, पण बी-१२, फॉलिक ॲसिड आणि फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) या तपासण्यांनी तो एका दिवसात पक्का होईल किंवा खोटा ठरेल.

आणि तो खरा ठरला तर तो आपल्याला आतड्याचा नकाशाच हातात देतो. लोह आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, फॉलिक ॲसिड त्याच्या पुढे, आणि बी-१२ अगदी शेवटच्या टोकाला. तिन्ही कमी म्हणजे बिघाड एखाद्या वीतभर जागेत नाही, लांबवर पसरलेला आहे. शरीरात फॉलिक ॲसिडचा साठा तीन-चार महिनेच पुरतो, बी-१२ चा मात्र काही वर्षं. त्यामुळे बी-१२ सुद्धा खाली गेलेलं आढळलं तर दुखणं या पाच महिन्यांपेक्षा जुनं असण्याची शक्यता मोठी. मागच्या गणपतीत आई दमलेल्या वाटल्या होत्या का, हे आठवून पाहा.

पायांची सूज ही अल्ब्युमिन २.५ ची. हे प्रथिन रक्तात पाणी धरून ठेवतं, ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं. मात्र लघवीतून प्रथिन जात नाही ना, हे एका साध्या तपासणीने बघून घ्या, म्हणजे मूत्रपिंडाची शंका उरणार नाही. आणखी काही खुणा घरातच दिसतील. जीभ गुळगुळीत लाल, ओठांचे कोपरे चिरलेले. बोटांच्या पेरांवर नव्याने आलेला काळेपणा, जो बी-१२ च्या कमतरतेत आपल्या सावळ्या कातडीवर स्पष्ट दिसतो. पायांना मुंग्या. तिन्हीसांजेला उंबरठा न दिसणं, म्हणजे अ जीवनसत्त्व. हिरड्यांतून रक्त किंवा न लागताच निळे डाग, म्हणजे के. रात्री पोटऱ्यांत गोळे, बोटं आखडणं, म्हणजे कॅल्शियम. चरबी शोषली गेली नाही की तिच्यात विरघळणारी अ, ड, ई, के ही चारही जीवनसत्त्वं तिच्याबरोबर वाहून जातात.

संग्रहणी का, असं तुम्ही विचारलंत. आपल्या वैद्यांचा हा शब्द जुना आणि नेमका आहे. आधुनिक वैद्यकात त्याच्या सगळ्यांत जवळचा आजार म्हणजे ट्रॉपिकल स्प्रू. १७५९ मध्ये विल्यम हिलरी या डॉक्टरने बार्बाडोस बेटावर त्याचं वर्णन केलं, आणि पुढे दक्षिण भारतात, विशेषतः वेल्लोरच्या डॉक्टरांनी त्याच्यावर फार मोलाचं काम केलं. उष्ण, दमट मुलखाचा हा आजार, बऱ्याचदा एखाद्या साध्या जुलाबानंतर सुरू होतो. जुलाब थांबतात असं वाटतं, पण आतड्याच्या आतल्या मखमलीसारख्या अस्तराची झीज चालू राहते. उपाय साधा आहे: टेट्रासायक्लिन गटातलं औषध आणि फॉलिक ॲसिड, तीन ते सहा महिने. काही रुग्णांची भूक आठवड्याभरात परत आलेली मी पाहिली आहे. पण हे निदान बाकीची कारणं बाजूला सारल्यावरच करायचं. ‘बघू देऊन’ म्हणून सुरू करायचं नाही.

कारण त्यात लपू शकतो तो आतड्याचा क्षयरोग. याविषयी मला स्वतःचा अनुभव सांगायला हवा. माझ्या प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एक मासे विकणारी बाई माझ्याकडे यायची. चार दिवस जुलाब, मग चार दिवस बद्धकोष्ठ, पोटात गोळा फिरतो म्हणायची. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. नवरा दारू प्यायचा, घरात कटकट होती, म्हणून मी ते ताणाचं धरलं आणि सात महिने तशीच औषधं देत राहिलो. एका रात्री पोट फुगून उलट्या सुरू झाल्या. ऑपरेशनमध्ये लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी क्षयामुळे अरुंद झालेली जागा सापडली. ती वाचली, पण ते सात महिने माझ्यामुळे गेले. तेव्हापासून उजव्या ओटीपोटावर हात ठेवून तिथे गाठ लागते का हे पाहिल्याशिवाय मी कुणालाही ‘टेन्शन’ म्हणत नाही. छाती स्वच्छ असली तरी पोटात क्षय असू शकतो. आईंना संध्याकाळी कणकण येते का, रात्री घाम येतो का, हे विचारा. निदान झालं तर सरकारी उपचार मोफत आहेत आणि साधारण सहा महिन्यांत आजार बरा होतो.

गव्हाविषयी. गहू, सातू आणि राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे काहींच्या आतड्याचं अस्तर झडतं, त्याला सीलिॲक म्हणतात. आपल्या देशात तो उत्तरेच्या गव्हाच्या पट्ट्यात जास्त. कोकण भात, पेज आणि नाचणीवर जगलेलं, त्यामुळे इथले डॉक्टर त्याचा विचारच करत नाहीत. पण आता दोन वेळच्या चपात्या आहेत, सकाळी पाव, चहाबरोबर बटर आणि खारी. राजापूरकडचा एक गृहस्थ आठ वर्षं पोटाच्या गोळ्या खात होता, शेवटी सीलिॲक निघाला. चपाती सोडली, वजन वाढलं, पण जुलाब पूर्ण थांबेनात. त्याच्या बायकोला बसवून घेतलं आणि स्वयंपाकघरातली एकेक वस्तू विचारली. बांगडा रव्यात घोळवून तळत होती, आणि रवा म्हणजे गहूच. सोलकढीला आणि आमटीला हिंग होता. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. मासे तांदळाच्या पिठात घोळवायला सांगितले, हिंग बंद केला, दोन महिन्यांत माणूस सुधारला.

पण तुमच्या आईंचा गहू आज बंद करू नका, हे कळकळीने सांगतो. सीलिॲकची रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीतून तपासणीसाठी काढलेला आतड्याचा तुकडा, दोन्ही गहू खात असतानाच खरं सांगतात. आधीच सोडला तर तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येते आणि पुढे कायम शंका राहते. सीलिॲकच्या रक्ताच्या तपासणीचं नाव टीटीजी-आयजीए. तिच्याबरोबर एकूण आयजीए, म्हणजे रक्तातलं एक प्रतिद्रव्य, तेही मोजायला सांगा. काहींच्या शरीरात ते मुळातच नसतं आणि मग पहिली तपासणी फसवते.

दुधाचं तसं नाही. अस्तर झिजलं की दुधातली साखर पचवणारं विकर सगळ्यांत आधी कमी होतं, त्यामुळे दूध तात्पुरतं सोसत नाही. ते दुखण्याचं कारण नसतं, परिणाम असतो. सध्या दूध थांबवा, वाटीभर ताजं दही चालेल.

बाकीची कारणं थोडक्यात. स्वादुपिंड थकलं तर तेलकट तवंग ठळक असतो, बरोबर मधुमेह असू शकतो, आणि सोनोग्राफी चांगली असली तरी शौचातलं इलॅस्टेज हे स्वादुपिंडाचं विकर मोजल्याशिवाय शंका फिटत नाही. थायरॉईड जास्त चालत असेल तरी जुलाब आणि वजनात घट होते, टीएसएच करा. एचआयव्हीची तपासणीही यादीत असते, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं पातळ औषध, अलीकडे घेतलेली ॲन्टिबायोटिक्स, पित्ताशयाचं ऑपरेशन हे सगळं डॉक्टरांना सांगा. कॅन्सर? या वयात मी ती शक्यता नाकारणार नाही. पण वर सांगितलेल्या बऱ्या होणाऱ्या आजारांची शक्यता मला जास्त वाटते.

जंतांविषयी मात्र थांबून सांगतो, कारण ते आपल्या वाडीतलं दुखणं आहे. माडा-पोफळीच्या बागेत, लावणीच्या चिखलात अनवाणी चालणाऱ्यांच्या पायाच्या कातडीतून हुकवर्मच्या अळ्या शिरतात, आतड्याला चिकटतात आणि महिनोन्‌महिने रक्त पितात. जिआर्डिया हा दुसरा, तो पाण्यातून येतो. आमचा जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात शोषखड्ड्यातलं पाणी विहिरीत उतरायला त्याला वेळ लागत नाही. जिआर्डिया रोज शौचात सापडत नाही, म्हणून एकच नमुना ‘नॉर्मल’ आला यावर विसंबू नका. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. तोवर आईंसाठी विहिरीचं पाणी खळखळ उकळून घ्या, आणि वाडीतल्या लोकांना विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला सांगा. १,००० लिटर पाण्याला अडीच ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण, टाकल्यावर तासभर पाणी भरायचं नाही.

शेजारीपाजारी माशांवर ठपका ठेवत असतील. बांगडा, कुपा, गेदर यांसारखे मासे बर्फाविना उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. पण त्याचा त्रास खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत होतो: तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतं, जुलाब, आणि बहुधा दिवसभरात शांत. कालवं, तिसऱ्या अर्धवट शिजल्या तर जंतूंचे जुलाब होतात, तेही काही दिवसांचे. पाच महिन्यांचं दुखणं ताज्या माशाने होत नाही.

तर तपासण्या. सगळ्यांत आधी वर सांगितलेलं रक्त आणि शौच. मग दुर्बीण, आणि हो, ती लागेल. तोंडातून जाणारी दुर्बीण आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा तुकडे, अस्तर चांगलं दिसलं तरी तुकडे घ्यायचेच. नंतर खालून, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत. ‘तुकडा काढला की आजार पसरतो’ ही भीती आमच्याकडे खोल आहे. ते खरं नाही. मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा असतो, तो घेताना दुखतही नाही, आणि क्षय, स्प्रू, सीलिॲक, कॅन्सर यांतला फरक बऱ्याचदा तोच सांगतो. खालच्या दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध मात्र इतक्या अशक्त बाईला घरी देऊ नका. पोटॅशियम झपाट्याने उतरू शकतं. दाखल करून, सलाईन लावून करा. देवगडकडून लोक कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात, तुमच्यासाठी मुंबईतलं केईएम, सायन किंवा नायर सोयीचं पडेल. जुने सगळे रिपोर्ट आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर न्या.

चक्कर येऊन पडणं, लघवी अगदी कमी होणं, पोट फुगून उलट्या, शौचात रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच, बोटं वाकडी होऊन आखडणं, असंबद्ध बोलणं, यांतलं काहीही झालं तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखल करा.

तोवर घरी काय करायचं. बी-१२ साठी रक्त देऊन झाल्यावरच इंजेक्शन सुरू करा, आणि नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका. बी-१२ कमी असताना एकटं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालू राहतं. खाणं हळूहळू वाढवा. इतकं वजन गेलेल्या माणसाला तुम्ही प्रेमाने एकदम भरपेट वाढलंत तर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम कोसळून हृदयावर बेतू शकतं. उकड्या तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचं वरण, अंडं, केळं, दर दोन तासांनी थोडं. खोबऱ्याचं वाटण आणि तळण काही दिवस कमी. सकाळचा चहा-बटर आणि एखादी चपाती, सीलिॲकचं रक्त आणि वरची दुर्बीण होईपर्यंत, राहू दे.

शहाळं द्या, आवडत असेल तर रोज एक. पण जुलाबाने अंगातलं मीठ जातं आणि शहाळ्यात सोडियम फार थोडं असतं, जास्त असतं ते पोटॅशियम. मूत्रपिंड अधू असेल तर तेच धोक्याचं, म्हणून आधी क्रिएटिनिन बघून घ्या. गळून गेल्यासारखं वाटलं तर ओआरएस. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. साखर आतड्यात शिरताना मीठ बरोबर ओढून नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं, एवढंच त्याचं तत्त्व, पण प्रमाण चुकलं की ते बिघडतं. म्हणून डब्ल्यूएचओचं सूत्र छापलेली पुडी आणा, तिच्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी एकदम विरघळवा, अर्धी-अर्धी नको. पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

आणि तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की आई मासे मागतात आणि घरचे देत नाहीत. द्या. मांदेली, सौंदाळे, ताजा बोंबील, जे त्या दिवशी होडीवरून आलं असेल ते, कमी तिखटाच्या पातळ कढीत, मऊ भाताबरोबर. त्यांच्या रक्तातलं अल्ब्युमिन २.५ आहे. त्यांना प्रथिनं हवीत, आणि पाच महिन्यांनी एखाद्या गोष्टीची इच्छा झाली आहे.